शेपूट राहिलं आहे, डॉक्टर

(स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना वर्षानुवर्षं फॉलोअपला बोलावणाऱ्या सर्व मानसोपचारतज्ज्ञांना खुले पत्र)

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यापैकी कुणाची तरी पेशंट आहे. तीन महिन्यांतून एकदा येते. माझी फाईल चांगली जाडजूड आहे, पण शेवटची पाच-सहा पानं एकमेकांची नक्कल केल्यासारखी दिसतात. वर तारीख, खाली वजन आणि त्याखाली एक ओळ : तक्रार नाही, गोळ्या चालू. ही ओळ तुम्ही मनची लिहिलेली नाही, माझ्या सांगण्यावरून लिहिली आहे. पण ती खोटी आहे, आणि खोटं मी बोलले आहे. का बोलले, हे सांगण्यासाठी हे पत्र.

प्रसंग तुमच्या ओळखीचाच असेल. मी आणि दादा आत येतो. तुम्ही दादाकडे बघून विचारता, "काय म्हणते? काही त्रास?" दादा म्हणतो, "नाही डॉक्टर, एकदम व्यवस्थित." मग माझ्याकडे वळून, "आवाज येतात का?" मी म्हणते, "नाही." "झोप?" "लागते." "गोळ्या चुकवत नाही ना?" "नाही." झालं. पुढची तारीख लिहून होईपर्यंत बाहेरचा माणूस दारात येऊन उभा राहिलेला असतो. तुमच्यासमोरची गर्दी मला दिसते, चार मिनिटांत याहून जास्त काय होणार, हेही कळतं. तक्रार त्या चार मिनिटांची नाही. त्यांत विचारल्या जाणाऱ्या त्या एका प्रश्नाची आहे.

आवाज येतो, डॉक्टर. मोठा नाही. रात्री पंखा तीनवर असला की त्याच्या घरघरीतून कुणीतरी माझं नाव घेतं. चारवर केला की थांबतं. दोनवर तर येतच नाही. नळ जोरात सोडला की कधी कधी येतं, पण तिथं शब्द नसतात, कुणीतरी पलीकडे बोलतंय असं नुसतं वाटतं. आजार भरात होता तेव्हा तीन जण होते, ते आपसात माझ्याबद्दल बोलायचे आणि मी काय करायचं ते ठरवायचे. त्या तिघांच्या मानानं पंख्यातलं हे एकटं नाव म्हणजे शेजारच्या घरात चालू राहिलेला रेडिओ. मी कूस बदलते आणि झोपते.

संशयही पूर्ण गेलेला नाही. परवाच बसमध्ये मागच्या सीटवर दोन मुली खुदकन हसल्या. पहिला विचार हाच, की माझ्यावर हसल्या. पूर्वी तो विचार नसायचा, ती बातमी असायची, आणि मी त्यावर घरी जाऊन दारं-खिडक्या लावायचे. आता तो येतो, शेजारी बसतो, आणि मी त्याला विचारते, 'बाबा रे, पुरावा काय?' पुरावा नसतो. साधारण दोन स्टॉपनंतर तो उतरून जातो.

मराठीत म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. दुसरी म्हण अशी, की हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. माझ्या आजारपणाच्या बाबतीत दोन्ही म्हणी एकदम खऱ्या ठरल्यात. त्यातलं शेपूट तुम्ही कधी बघितलेलं नाही, कारण मी ते खुर्चीखाली दडवून बसते.

दडवते का, तर एकदा दाखवलं होतं म्हणून. काही वर्षांपूर्वी, वेगळ्या डॉक्टरांकडे. त्यांनी हाच प्रश्न विचारला आणि मी प्रामाणिकपणे म्हटलं, "अगदी थोडा येतो, पण त्याचं काही नाही." त्यांनी 'येतो' एवढंच ऐकलं. गोळी दुप्पट झाली. पुढचे चार महिने मी दिवसाचे तेरा-चौदा तास झोपायचे, जागी असेन तेव्हा पाय जागेवर राहायचे नाहीत, आणि आईच्या भाषेत, तोंडावरची माशी हलत नव्हती. तेव्हा नुकतंच लागलेलं अर्धवेळ काम गेलं. पंख्यातलं नाव मात्र तसंच राहिलं, ते काही गेलं नाही. त्यानंतर मी हिशेब शिकले : 'थोडा' म्हटलं की चार महिने जातात, 'नाही' म्हटलं की चार मिनिटांत सुटका.

मला यात त्या डॉक्टरांना दोषी ठरवायचं नाही. आवाज हे दिसणारं, मोजता येणारं लक्षण आहे, आणि त्यावर हातात औषध आहे. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आलं तेव्हापासूनची बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा जोर अडवतात आणि आवाज, भ्रम, संशय यांवर ती खरोखर काम करतात. त्यांच्याशिवाय मी हे पत्र लिहिलं नसतं. पण ज्याच्या हाती हातोडा, त्याला सगळीकडे खिळेच दिसतात... जाऊ दे, ती म्हण आपली नाही. आपल्याकडे म्हणतात, उचलली जीभ लावली टाळ्याला. इथं उचलला पेन आणि लावला डोसला.

आता ज्या गोष्टीचा मला खरा त्रास आहे ती सांगते. ती ना आवाज आहे, ना संशय.

सकाळ. मी पलंगाच्या कडेवर बसले आहे. हातात टॉवेल. आंघोळीला जायचं आहे. न्हाणीघर दहा पावलांवर, पाणी तापलेलं, कुणी अडवलेलं नाही, कसला आवाज नाही, भीती नाही, उदासही नाही फारसं. मला जायचं आहे, आणि मी उठत नाही. टॉवेलच्या काठाचा एक धागा निघालेला असतो, तो बोटाला गुंडाळते आणि सोडते. चाळीस मिनिटं. एकदा एक तास दहा मिनिटं, समोर घड्याळ होतं म्हणून माहीत आहे. 'जाऊ या' हा विचार आणि पाय यांच्यामध्ये एक तार असते, तुमच्या सगळ्यांच्या अंगात असते, म्हणून तुम्हाला ती कधी जाणवत नाही. माझी ती तार कुठंतरी सैल झाली आहे.

दादा दारातून म्हणतो, "अगं, आळस झटक जरा." त्याचं काय चुकलं? बघणाऱ्याला तो आळसच दिसतो. आळशी माणसाला लोळण्यात सुख असतं, एवढाच फरक, पण तो बाहेरून कसा दिसणार?

दुसरी गोष्ट वाचनाची. आजाराआधी मी रात्रीतून पुस्तक संपवायचे. आता पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वरचा परिच्छेद पुसला गेलेला असतो, मग परत वर. फोनवर कुणी पत्ता सांगितला तर तीन वळणांतलं एक हरवतं. चार जणांच्या गप्पांत मला बोलायचं सुचतं, तोवर विषय दोनदा बदललेला असतो. मग मी गप्प बसते, आणि लोक म्हणतात, ही अबोल झाली.

तिसरी सांगायला लाज वाटते. भाचीच्या पहिल्या पावलाचा व्हिडिओ आला. सगळ्यांचे डोळे भरून आले. मला कळत होतं की हा आनंदाचा क्षण आहे, अगदी जसं घड्याळात बघून कळतं की पाच वाजलेत. आतून काही आलं नाही. आलं ते तीन दिवसांनी, भांडी विसळताना, एकटीच असताना. तेव्हा मात्र रडले. म्हणजे पोचतं, पण उशिरा पोचतं. हे 'उशिरा' तुमच्या फाईलमध्ये कुठं लिहितात?

गंमत अशी की ज्यांनी या आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं, त्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मध्येच आवाज आणि भ्रम यांना सोबतची, दुय्यम लक्षणं म्हटलं होतं. मुळाशी त्यांनी ठेवलं होतं विचारांची साखळी तुटणं, भावना मंदावणं, माणूस स्वतःत मिटत जाणं. त्यांचं सगळंच आज कुणी मानत नाही, मानूही नये. पण शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला आणि आमच्या वाट्याला प्रश्न मात्र त्या दुय्यमाचाच येतो.

आणि हेही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, की बरं होणं म्हणजे पाटी कोरी होणं असं तुमचं शास्त्रसुद्धा म्हणत नाही. २००५ मध्ये नॅन्सी अँड्रिअसन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणं आटोक्यात आली असं कधी म्हणायचं याची जी व्याख्या मांडली, ती मी कितीदा तरी वाचली आहे (वर-खाली करत, तीन बैठकींत). पॅन्स या मोजपट्टीवर प्रत्येक लक्षणाला १ ते ७ गुण असतात. १ म्हणजे नाही, ३ म्हणजे सौम्य. त्यातल्या मुख्य आठ लक्षणांचे गुण ३ किंवा त्याखाली आले आणि सलग सहा महिने तिथंच राहिले, की झालं. म्हणजे तुमच्याच व्याख्येत ३ ला जागा आहे! पंख्यातल्या माझ्या नावाला तिथं अधिकृत खुर्ची आहे. मग तुमच्या खोलीत ते दडवून का बसावं लागतं?

त्या आठांत भावनेचं बोथट होणं आहे, लोकांतून अंग काढून घेणं आहे, आपणहून न बोलणंही आहे. म्हणजे माझ्या तिसऱ्या गोष्टीला आणि थोडंफार टॉवेललाही तिथं घर आहे. पानाच्या तळाशी वरचं पुसलं जाणं त्यात नाही. आणि पुन्हा कामावर उभं राहायचं तर सगळ्यात जास्त तेच आडवं येतं.

टॉवेलबद्दल मी आजवर एकदाच बोलले, तेव्हाही उत्तर 'डोस बघू' असंच मिळालं. आवाज दाबणाऱ्या औषधाचा डोस वाढवून ती सैल तार ताणली जात नाही, हे आता मला माहीत आहे. उलट जास्त झालेला डोस स्वतःच माणसाला मंद, कोऱ्या चेहऱ्याचा करतो, आणि मग आजारानं काय केलं आणि औषधानं काय, हे कुणालाच सांगता येत नाही. मागून येणारं नैराश्यही असंच दिसतं, त्यावर तर वेगळा उपचार आहे. म्हणून टॉवेल ऐकल्यावर पेन उचलण्याआधी एवढं विचारा : हे गोळी वाढल्यापासून की आधीपासून? जावंसं वाटतं का, की वाटेनासंच झालंय? दिवसभर असंच की फक्त सकाळी? मला जावंसं वाटतं, आणि संध्याकाळी हे जवळजवळ नसतं. हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीच वहीत लिहून शोधलं. रात्रीची गोळी दोन तास अलीकडे घेऊ का, असं मग मीच विचारलं आणि तुम्ही 'हो' म्हणालात. सकाळचा टॉवेल चाळीसवरून वीस मिनिटांवर आला. ही माझ्यापुरती गोष्ट, औषध नाही.

आता त्या खोटेपणाची किंमत. दोन वर्षांपूर्वी पंख्यातल्या नावापुढे एक शब्द आला. 'ऊठ.' नावापर्यंत ठीक होतं, पण क्रियापद आलं म्हणजे कुणीतरी मला काहीतरी करायला सांगत होतं, आणि ते चारवर केल्यावरही थांबेना. त्याच आठवड्यात झोप चार तासांवर आली आणि मी दिवसाही पडदे ओढायला लागले. मला आतून कळत होतं की हे शेपूट नाही, हत्ती वळून परत येतोय. पण गेली तीन वर्षं मी तुम्हाला 'आवाज नाही' असं सांगत आले होते. आता 'आवाज वाढलाय' कसं सांगू? जो नव्हताच तो वाढेल कसा? मी सोळा दिवस गप्प बसले. शेवटी दादानं पडदे बघितले आणि मला घेऊन आला. तुम्ही विचारलंत, "कधीपासून?" आणि मी पुन्हा खोटं बोलले, म्हटलं, "कालपासून."

त्या वेळी निभावलं. पण विचार करा, पंखा, तीन नंबर, फक्त नाव, आठवड्यातून दोनदा, एवढी एक ओळ फाईलमध्ये असती, तर 'ऊठ' हा शब्द पहिल्याच दिवशी तुमच्या डोळ्यांत भरला असता. रोजचं पाणी किती हे माहीत नसेल तर पूर येतोय हे कळणार कसं? आम्ही राहिलेली लक्षणं लपवतो तेव्हा आम्ही तुमची ती रोजच्या पाण्याची खूणच पुसून टाकतो. आणि ती पुसायला आम्हाला तुमचा तो एक, हो-नाहीतला प्रश्न शिकवतो.

एक कंस इथं उघडते, कारण हे पत्र माझ्यासारखेही वाचतील. डोस वाढला म्हणून मी कुरकुरले, याचा अर्थ गोळ्या बंद करा असा कुणी काढू नका. २०१२ मध्ये ६५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २७ टक्क्यांचा आजार उलटला, आणि औषधाऐवजी नुसती खोटी गोळी दिलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांचा. मी एकदा स्वतःच्या मनानं बंद केल्या होत्या. त्याबद्दल फार लिहीत नाही, ते तिघं परत आले एवढं पुरे. आणि ज्यांचे आवाज सौम्य नाहीतच, दोन वेगवेगळी औषधं नीट डोसात, नीट मुदतीत घेऊनही जे हैराण आहेत, त्यांनी हे पत्र बाजूला ठेवून डॉक्टरांना क्लोझापिन या औषधाबद्दल विचारावं. त्यात रक्त तपासत राहावं लागतं, पण इतर औषधांनी न हटलेल्यांना त्यानंच गुण येऊ शकतो. कंस पूर्ण.

घरच्यांबद्दलही थोडं. आमच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत आहे. दादा माझा शुभंकर. त्यानं दोन वर्षं माझ्या गोळ्या मोजल्या आहेत, रात्री-अपरात्री रिक्षा शोधली आहे. त्याच्यासमोर मी 'थोडा आवाज येतो' म्हटलं, तर तो पुढचे सहा महिने माझ्या खोलीबाहेर कान लावून बसेल. आणि टॉवेल सांगितला, तर त्याच्या 'आळस झटक'चा त्यालाच त्रास होईल. टोचून बोलणं आणि अति काळजी, दोन्ही जास्त असलेल्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे संशोधन तर पन्नास वर्षांहून जुनं आहे. ते त्याला मी सांगितलं तर कांगावा वाटेल. तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. एकदाच सांगा, की हा आळस नाही, आणि सौम्य आवाज म्हणजे आग लागली असं नाही. मला आणि त्याला वेगवेगळं भेटलात, तर दोघंही खरं बोलू. त्यालाही बोलायचं असणार, मला ते त्याच्या पाठीकडे बघून कळतं.

नेदरलँड्समध्ये मारियस रोमे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात आवाज ऐकणाऱ्या लोकांनाच टीव्हीवरून आवाहन केलं, की तुम्ही त्यांच्यासोबत कसं जगता ते सांगा. शेकडो लोकांनी संपर्क साधला, आणि त्यांतले कित्येक जण कधी कुठल्या डॉक्टरकडे गेलेलेच नव्हते. त्यातून पुढे आवाज ऐकणाऱ्यांचे गट जगभर सुरू झाले. त्या चळवळीचं सगळं मला पटत नाही. औषधाबद्दल काही जण फार सैल बोलतात. पण प्रश्न विचारण्याची त्यांची तऱ्हा मला आवडते. 'येतात का' याऐवजी ते विचारतात : कोण आहे, काय म्हणतो, कधी येतो, तुम्ही काय करता? या चारांपैकी एक जरी प्रश्न मला विचारलात, तरी मला खोटं बोलता येणार नाही. पंखा इतका बारीकसारीक आहे की तो बनवता येत नाही आणि लपवताही येत नाही.

पुढची तारीख मिळाली आहे. या वेळी दादाला मी आधीच सांगितलं आहे, की पहिली दोन मिनिटं बाहेर बस. तो "का?" म्हणाला, मग "बरं" म्हणाला. वहीतलं एक पान फाडून पर्समध्ये ठेवलं आहे. त्यावर पंखा आहे, टॉवेल आहे, मिनिटं आहेत. तुम्ही सवयीनं विचाराल, "आवाज येतात का?" मी म्हणणार आहे, "पंखा कितीवर असताना?"

आपली,
फाईलमधली 'तक्रार नाही'